मठार

शरणपूर रोड, दुसरा मजला, खाली चष्म्याचं दुकान.
माझं काम डोक्यावर टोपी चढवण्याचं.
बत्तीस तारा, प्रत्येकीच्या टोकाला गार जेल.
जानेवारीत माणसं शहारतात.
यदुनाथ कर्डे शहारले नाहीत. म्हणाले,
"जन्म भट्टीपुढे गेला, थंडी वाजायची राहूनच गेली."

उजवा हात मांडीवर,
कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
झटका आला तेव्हा घंगाळाचा काठ वळवत होते.
घंगाळ अजून तसंच आहे, अर्धं.

सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं:
हेअरबँड बसतो ना, त्याच्या खाली मेंदूची एक पट्टी आहे.
तिथे एकेका पेशीची एकेक आवडती दिशा.
हात तिकडे निघाला की ती कडाडते,
जरा बाजूला गेला की अर्धवट बोलते,
उलट गेला तर जवळजवळ गप्प.
एकीच्या सांगण्यावर हात जात नाही.
हजारोंची ओढ मिळून एक दिशा होते.

"म्हणजे रथ," ते म्हणाले.
"चैत्रातल्या एकादशीचा.
दोराला एवढी माणसं, कोण भिंतीकडे खेचतोय,
कोण नुसताच लोंबकळतोय,
आणि रथ मात्र बरोब्बर गोदेकडे.
पस्तीस वर्षं दोराला होतो,
त्यात माझं किती, एकदाही कळलं नाही."

आणि मी?
"तुम्ही ते बुवा. रथाकडे तोंड करून
उलटं चालणारे. ओढायचं नाही, बघायचं."
मला आवडलं हे.
पगारवाढीच्या अर्जात लिहिता येणार नाही, एवढंच.

त्यांचा दोर खोल आत तुटलाय,
फोटोत हरभऱ्याएवढा डाग.
वरचे ओढणारे शाबूत.
ते अजून ओढत असतील का,
पुढे काही नसलेला दोर धरून?

टोपीला एकेक आवाज ऐकू येत नाही.
रविवार कारंजावर उभं राहून
तांबट आळीचा ठणठणाट ऐकावा, तसं ते.
गंमत अशी, की हात रिकामा असतो
तेव्हाच पेशी एका ठेक्यात ठोकत बसतात,
रेघ उंच, देखणी.
काम निघालं की ठेका फुटतो,
ज्याची त्याची हातोडी ज्याच्या त्याच्या भांड्यावर,
आणि माझ्या पडद्यावर रेघ खाली बसते.
लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, सामसूम झाली.

"हात उजवीकडे न्यायचा विचार करा."
रेघ ढिम्म.
"आता वर."
ढिम्म.
चाळीस बाण दाखवून झाले.
'प्रतिसाद नाही' लिहायला मी पेन उघडलं.

"बाई, उजवीकडे म्हणजे कुठे?
हात काय रिक्षा आहे?
माझा हात उजवीकडे कधी गेलाच नाही.
काठाकडे गेला, बुडाकडे गेला,
जिथे पत्रा फुगला होता तिथे गेला."

कुठल्याच पेशीला हे कुणी विचारलं नसावं.
निदान मी तरी नाही.

बाण बंद केले.
म्हटलं, मग मठार द्या.
त्याच घंगाळाला, काठाखाली बोटभर सोडून.

त्यांनी डोळे मिटले.
रेघ बसली.
उजवा होता तिथेच, पिशवीसारखा.
रेघ वर आली. पुन्हा बसली.
पुन्हा वर.

मी पडद्याकडे बघत होते म्हणून उशिरा दिसलं:
डावा हात मांडीवर काहीतरी गोल
फिरवत होता,
दर ठोक्यानंतर अंगठाभर पुढे,
थांबून, उजव्याचं होऊ देऊन,
मग परत अंगठाभर.

नियमाने डावा हलला की नोंद बिघडली.
त्यांना थांबा म्हणायला हवं होतं.
पण फेरी निम्म्यावर आली होती.