जिनातलं घर

घर कुठं, असं कोणी विचारलं
की मी सांगते, जिनात.
लोक हसतात. पोस्टमन हसत नाही,
त्याच्यासाठी पत्ता अजून तोच:
जुना जीन, अडाणच्या पुलाअलीकडे.

वीज मंडळातून सुटले
तेव्हा फंडाचे सगळे पैसे घातले या पडक्यात.
चिमणी अर्धी. बॉयलर कोणीतरी भंगारात नेलेला.
चौतीस रेच्यांपैकी एक उरला होता,
तो व्हरांड्यात ठेवला,
चामड्याच्या रोलरवर मांजर निजते.
गाठी दाबायच्या खड्ड्यात
आता पिण्याचं पाणी साठवतो आम्ही.

नागपूरचा आर्किटेक्ट, झामरे नावाचा पोरगा,
भिंतीवर हात ठेवून म्हणाला,
मॅडम, गिलावा नको, विटा बोलतात.
म्हटलं, त्या काय बोलतात ते मला पाठ आहे,
तू मोरी कुठं काढणार ते सांग.

रुईच्या गोदामात माझा पलंग.
छत इतकं उंच
की पंख्याला चौदा फुटांचा दांडा लागला.
सागाच्या कैच्यांवर, झाडू पोचत नाही तिथं,
जुनी रुई अजून बसून आहे.
चैतात वारा सुटला की सुटते एखादी पुंजी,
तरंगत, घाई नसल्यासारखी,
आणि चहात पडते.
बोटानं काढते मी ती.
मग कुठं टाकावी, सुचत नाही.

माय इथं कवडी वेचायची,
पिवळी वेगळी, किडकी वेगळी,
साडेतीन रुपये रोज.
सुट्टीचा भोंगा झाला की फाटकावर झडती.
गयाबाई घ्यायची, तिचे हात थंड.
एका आखाडीला मायच्या ओच्यात
मूठभर रुई सापडली, वातींसाठी नेत होती.
तीन दिवस काम बंद.
त्या आखाडीला आमच्या देवापुढं
जुन्या लुगड्याची चिंधी जळाली,
आणि घरभर धूर.

प्रेसखान्याच्या भिंतीवर
काळ्या शाईचे ठसे आहेत, कोणी ब्रश पुसल्यासारखे.
झामरेनं मोबाईलचा उजेड धरून वाचलं:
लिव्हरपूल.
मायनं एकदा हफीजमियाँ फिटरला विचारलं होतं,
एवढ्या गाठी जातेत कुठं?
तो म्हणाला, समुद्राले.
मायला वाटलं, समुद्र हा कोणी माणूस,
मोठा अडत्या असन, लेकुरवाळा.
घरी येऊन म्हणाली,
लय कापूस लागते बाप्पा त्याले,
आंगडे तरी किती शिवत असन.
आम्ही हसलो नाही.
आम्हालाही तसंच वाटलं.

मागच्या माघात तिला इथं आणलं.
चौऱ्याऐंशी वर्षांची, एस.टी.नं,
खिडकीची जागा सोडली नाही तिनं.
फाटक उघडून मी पुढं झाले
आणि मागं वळून पाहिलं, तर ती आलीच नव्हती.
उंबऱ्याच्या रेषेवर उभी,
दोन्ही हात खांद्याएवढे वर,
नजर पलीकडे, निंबाकडे.

माय, म्हटलं, घर आहे आपलं.
हात खाली येईनात.
मजूर पाहत होते. गवंड्यानं थापी थांबवली.
मग मी जवळ गेले,
हात चोळून गरम केले,
आणि घेतली तिची झडती:
कमरेला चंची, सुपारीचं एक खांड,
घडी केलेलं अर्धं तिकीट.
काही नाही, म्हटलं. जा आत.
तेव्हा ती आत आली.

रात्री पंख्याखाली डोळे उघडे ठेवून पडली होती.
भोंगा किती वाजता होते, विचारलं.
नाही होत आता.
बराच वेळ गेला. वाटलं, झोपली.
मग अंधारातून म्हणाली,
तो समुद्र हाये का अजून?
आहे, म्हटलं.
मंग कापूस कोनाचा घेते आता?