जिवाणी

चार फुटी काच. तळाला वाळू नाही, शोभेचं जहाज नाही,
कोपऱ्यात हीटरचा लाल दिवा, एकोणतीस अंश,
आणि पाणी.
विश्रामबागच्या आमच्या हॉलमध्ये
बेचाळीस दिवस नुसतं पाणी.
वरच्या मजल्यावरचे मगदूम जिना चढताना विचारायचे,
मासे पोहायला गेलेत काय?
मी म्हणायचो, पाणी पिकू दे आधी.
पाणी पिकतं होय, म्हणत ते हसत वर जायचे.

चौतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात
लोकांचं रक्त नि लघवी नळ्यांतून बघितली.
निवृत्तीनंतर परत नळी, परत खिडकीचा उजेड,
आठ थेंब, आठ थेंब, पाच मिनिटं थांबा.
हिरवं आलं तर विष.
हिरवं, हिरवं, मग पोपटी,
आणि एका गुरुवारी सकाळी
चोख हळदीचा पिवळा,
मार्केट यार्डात पोतं फोडल्यावर दिसतो तो.
मी नाचलोच असतो,
पण गुडघे.

त्रिशला पहिल्या दिवशीच म्हणाली होती, पाळा की.
पण खातात काय ते?

सहा आठवडे मी हा प्रश्न टाळला.

तौफिक मुजावरनं बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं होतं:
कोळंबी, उकडलेला पालक, दोन पाकळ्या लसूण,
मिक्सरमधून काढून पिशवीत सपाट थापा,
गोठली की वडीसारखी मोडा.
कोळंबी. आणि लसूण.
ज्या घरात कांदा दारातूनच परत जातो.
मी जुन्या बाजारातून वेगळा मिक्सर आणला,
गच्चीवर टाकीच्या सावलीत, चोरासारखं वाटलं,
हात तीनदा धुतले,
चौथ्यांदा तिनं न बोलता साबण पुढं केला म्हणून.
बाल्कनीत छोटा फ्रीज आला.
त्याला कुलूप मात्र तिनं आणलं.

मग ते आले. सहा, पुरीएवढे,
उभ्या तरंगणाऱ्या पुऱ्या, निळ्या रेघांच्या.
आल्या आल्या काळे पडले,
एका कोपऱ्यात तोंडं घालून उभे राहिले,
जसे रिपोर्टच्या खिडकीपाशी लोक.
मी दर दोन तासांनी तुकडा टाकायचो,
रात्री अकरालासुद्धा, खा रे, खा की.
सकाळी पाणी धुरकट. नळी हिरवी.

जन्मात सूर्य बुडाल्यावर घास न खाल्लेली ती
टाकीपाशी येऊन उभी राहिली.
दिवस मावळल्यावर कशाला जेवतील ते?
एवढंच म्हणाली, आणि भाकरी उलटायला आत गेली.

तेव्हापासून शेवटचा घास साडेपाचला.
थोडा थोडा, दिवसातून तीनदा,
उरलंसुरलं दहा मिनिटांत नळीनं ओढून बाहेर,
आणि चौथा हिस्सा पाणी रोज नवं,
पिंपात रात्रभर शिळं केलेलं, कोमट.

फिल्टरचा स्पंज मी बेसिनच्या नळाखाली धरला होता.
अहो! जिवाणी!
ती स्वयंपाकघरातून ओरडली, पीठाच्या हातांनी धावली.
नांद्र्याला तिची आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची,
आणि फडक्यात राहिलेलं, डोळ्यांना न दिसणारं,
परत त्याच विहिरीत, खाली पाण्यापर्यंत भांडं सोडून,
अलगद.
जिथलं तिथं.
मी टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं
आणि त्यात स्पंज पिळला. चहासारखं पाणी आलं.
विष खाऊन टाकणारे ते कोट्यवधी
स्पंजात राहिले, जिवंत.
त्यांच्या जातभाईंना मी चौतीस वर्षं
काचेवर वाढवलं, मोजलं, आणि संध्याकाळी उकळून मारलं.
हे तिला सांगितलं नाही.

धाकटा नवव्या दिवशी खायला लागला.
आता सगळे उजळलेत, कडेच्या रेघा लख्ख,
आणि मी खाऊ घालतो तरी
तिच्या हिरव्या पदराकडं धावतात, सहाच्या सहा.
ती कुलपाला हात लावत नाही.
पण घड्याळ तीच बघते:
अहो, साडेपाच झाले.

काल तिनं परत विचारलं,
ती कोळंबी, तिच्याऐवजी दुसरं काही?
पाहतो, म्हणालो.
आणि नळी उजेडाला धरून
जरा जास्तच वेळ उभा राहिलो.
पिवळा होता.