मागची सीट

हेमांगीची लुना, मागे मी.
दांडिया बाजारातून निघायचं, ते ती वळेल तिकडे.
"बेस ने," एवढंच म्हणायची.
मराठीत तिला आग्रह जमायचा नाही.

पहिल्या दिवशी फॅकल्टीच्या पायरीवर
आपला अर्धा डबा पुढे सरकवून
तिनेच विचारलं होतं, रडतेस का?
तो अर्धा डबा मी
सात वर्षं फेडत राहिले.
साडीचा रंग तिचा, सेवउसळीत तिखट तिच्या बेताचं,
त्या मुलाला नकाराचं पत्र लिहिलं
त्यात अक्षर तेवढं माझं.

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं,
हे मला फार उशिरा कळलं.
थांब, उतरते, असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

काळ्या घोड्यापाशी एकदा म्हटलं.
थांबली. बोलली नाही.
नवरात्रात ती बाहेरच्या रिंगणात, मी आतल्या;
समोर आलो की नेमकी टाळी चुकायची.

दिवाळीनंतर फोन: स्टेशनवर सोडशील?
आता स्कूटर माझी, हप्त्यांवरची.
"बेस ने," मी म्हटलं.
बसली. बराच वेळ तिला कळेना
हात कुठे ठेवायचे.
मीही सांगितलं नाही.
विश्वामित्रीच्या पुलावर खांद्यावर आला,
हलकाच,
विचारल्यासारखा.