रफार

छत्तीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात
मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या.
लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल,
एका निवृत्त मामलेदाराचं आत्मचरित्र.
लाल पेनानं ऱ्हस्वाचं दीर्घ केलं आणि घरी येऊन जेवलो.

आता चिमट्यानं अक्षरं उचलतो.
कुणाच्या विमानाला शेपटीवरचा क्रमांक हवा असतो,
कुणाच्या खेळण्यातल्या स्टेशनला तांदळाएवढी पाटी: खडकी.
कागद वेगळा असतो, एका अंगाला डिंकाचा थर.
अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं तो चाचपला, म्हणाला,
"काका, मशीन जाम झालं तर जबाबदारी तुमची. लिहून द्या."
त्यानंच मजकूर लिहिला.
'जबाबदारि'ची वेलांटी दुरुस्त करून मी खाली सही केली.

हडपसरहून वृषाली तुपे आल्या.
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली मॅटाडोर,
खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा हिस्सा,
भावानं जोडलेली, निळी.
सोबत फोटो: मार्केट यार्ड, गाडीची पाठ,
कोबीची पोती, वडिलांचा अर्धा खांदा.
"मागचं तेवढं लिहून द्या."

तेवढं.
पिवळी शाई निळ्यावर हिरवी पडते,
पांढरं तर माझ्या ओळखीतल्या कुठल्याच मशीनला येत नाही.
म्हणून पांढऱ्या कागदावर भोवतीचा निळा छापायचा,
आणि तोही उन्हात वीस वर्षं उभा राहिलेला निळा.
अकरा चुकले. बारावा जुळला.
मग गॅलरीत, तोंडाला पंचा बांधून, लॅकरचा फवारा,
नाहीतर पाण्यात शाई पळते.
खालच्या सायकलवाल्यानं वर बघून जे म्हटलं
ते मी कुठल्याही प्रुफात राहू दिलं नसतं.

दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं:
आईचा आशीर्वाद.

बाईंनी भिंग घेतलं. बराच वेळ घेतला.
"हे नाही."
निळा चुकला का?
"निळा आमचाच आहे.
पण आमच्या गाडीवर 'आर्शिवाद' होतं."

फोटो तर मी रोज बघत होतो.
हातानं परस्पर दुरुस्त केलं होतं, मला न विचारता.

"पाचवीत असताना मी दादांना सांगितलं होतं, चुकलंय म्हणून.
ते म्हणाले, लागतोय ना? मग राहू दे."

त्या रात्री 'वा'वरचा रफार काढला, 'शि'वर ठेवला.
वेलांटी मोडली.
छत्तीस वर्षांत मी पहिली चूक केली,
तीही पैसे घेऊन.

गाडीच्या पाठीला आधी चकाकी द्यायची.
खरखर राहिली तर पापुद्र्याखाली हवा अडकते,
अक्षरांभोवती चंदेरी डाग पडतो, मग सगळं चिकटवलेलं दिसतं.
कोमट पाण्यात तीस आकडे.
कागद स्वतःहून सोडतो तोवर थांबायचं,
ओढायचं नाही, सरकवायचं.
कापसाच्या काडीनं पाणी टिपलं,
व्हिनेगरचा एक थेंब, आणि फळीच्या खाचेत
शब्द असा बसला, जणू फुरसुंगीच्या पेंटरनं
आत्ताच ब्रश झटकून बिडी पेटवलीय.

बाईंनी तो वाचला नाही.
गाडी डोळ्यांच्या पातळीवर धरली आणि थोडी लांब नेली,
पुढे निघालेली दिसावी तशी.
पैसे मोजून दिले. टॉवेल विसरल्या.

बरोबर असलेला उरला होता.
दुसरीकडे लावायला जागा नव्हती, टाकवेना,
पाण्यातच राहिला. सकाळी पाणी उडालेलं,
स्टीलच्या वाटीच्या तळाशी शुद्ध, निर्दोष
आईचा आशीर्वाद, घट्ट.

नलिनीनं ती वाटी भांड्यांत टाकली.
घासणीनं 'आईचा' गेलं, मग 'आशी'.
"हे काय राहिलंय तळाला?" तिनं ओट्यावरून विचारलं.
मी चष्मा लावून पाहिलं.
उरला होता फक्त वाद,
डोक्यावर रफार घेऊन.