आघाताबाहेर

पास्वालीसच्या पलीकडं जमीन आतून पोकळ आहे.
खाली जिप्सम, पाण्यात हळूहळू विरघळणारं;
एखाद्या रात्री कुंपणच नाहीसं होतं
आणि सकाळी तिथं गोल खड्डा, तळाशी आभाळ.

आपोलिनारस ब्याऐंशीचा. मधमाश्या पाळतो.
मायक्रोफोनकडं बघत आधी हात पुसले,
मग म्हणाला, काय बोलू?
काहीही, मी म्हटलं. खरं तर मला हवे होते
त्याचे बिनआघाताचे स्वर,
शब्दाच्या शेपटाकडचे, ज्यांच्यावर कुणी जोर देत नाही.

त्यानं गाईची गोष्ट सांगितली.
कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव लाउके.
सत्तावन्न सालच्या वसंतात दाव्यासकट खड्ड्यात गेली.
शाळेत आम्हाला शिकवलेला जोर शेवटावर:
दीर्घ, आवळलेला ए.
त्याच्या तोंडी जोर उलटा चालत
पहिल्या अक्षरावर येऊन बसतो,
मागं उरतं ते धड ए नाही, धड अ नाही,
ओठ मिटण्याआधीची नुसती ऊब.

विल्न्यूसला, तळघरातल्या खोलीत, मी ती मोजते.
छत्तीस मिलिसेकंद.
पडद्यावर दोन करड्या पट्ट्या:
खालची सांगते जबडा किती उघडला,
वरची, जीभ पुढं होती की मागं.
आघात असला की दोघी लांब लांब उभ्या;
तो गेला की मध्याकडं येतात,
थंडीत चुलीजवळ सरकावं तशा.

वाय्दोतस म्हणतो, गोंगाट आहे, छाट.
माझं बोट बटणावर होतंच.

पण चौदाव्या फायलीत तो तिला हाक मारतो,
खड्ड्याच्या काठावरून, मला दाखवण्यापुरती.
हाकेतला ए मुळात ऱ्हस्व,
आणि इथं तर तो सापडतच नाही.
फक्त श्वास. त्या श्वासाच्या खरखरीत
वरची पट्टी पुसट, पण ए च्याच उंचीवर:
जीभ जागेवर गेली होती,
आवाज मागून आलाच नाही.

लांबीच्या रकान्यात शून्य लिहिलं. खोडलं.
मग फोन केला:
लाउकेचं शेवटचं अक्षर तुम्ही म्हणता का हो?

बराच वेळ नुसत्या माश्या ऐकू आल्या.
म्हणजे काय, तो म्हणाला, म्हणतोच की.
नाहीतर ती आली असती का?