टॉवेलाखाली

रात्री पावणेबाराला त्याचा निरोप आला:
"अडीच हजार. फिक्स. पितळ बघा, सोन्यासारखं आहे."
फोटोत घंटा वर्तमानपत्रावर ठेवलेली,
बाजूला मापाला काडेपेटी,
आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी पायाचा अंगठा.

मी लिहिलं, आठशे.

यात अपमान काही नाही.
पहिला आकडा म्हणजे दार वाजवणं,
आत कोण आहे ते कळावं एवढ्यासाठी.

म्हशाच्या जत्रेत अण्णा
दोघांचे हात टॉवेलाखाली घ्यायचे.
दोन बोटं धरली की दोन, पंजा धरला की पाच,
पुढे शून्यं किती, ते जनावर बघून ठरायचं.
वरती तोंडं मात्र
कुणाच्या तरी लग्नाचं बोलत असायची.
मी सहा-सात वर्षांची,
शेणामुतात उभी राहून त्या टॉवेलाकडे बघायचे.
खाली काहीतरी जिवंत धरल्यासारखा तो हलायचा.
मग एकदम थांबायचा.
कुणाच्या तरी घरचं एक माणूस कमी झालेलं असायचं.

आता टॉवेल नाही. तीन टिंबं हलतात,
थांबतात. पुन्हा हलतात.
तन्मेश भोपी, घणसोली गाव.

"बावीसशे. तुम्ही ताई म्हणून."
मी ताई असल्याचे तीनशे झाले.

नऊशे, मी लिहिलं, कारण आत जीभ नाही,
जिभेच्या जागी बोल्ट आहे, फोटो मोठा करून पाहिला मी.
वरच्या कडीला डाग दिलाय.
आणि ही बैलाची नव्हेच,
एवढ्या तोंडाची घंटा म्हशीला बांधतात.
(हे शेवटचं ठोकून दिलं.
दलालाच्या मुलीला एवढं यायलाच हवं.)

निळ्या खुणा. उत्तर नाही.
दोन दिवस नाही.
बाजारात गिऱ्हाईक उठून गेल्यासारखं करतं,
चार पावलं, आणि कान मागे.
इथे पाठ दिसत नाही,
शेवटचं कधी आला होता तेवढी वेळ दिसते.
कुकर लावता लावता मी ती तीनदा पाहिली.

रविवारी: "दीड. लास्ट."
"हजार. उद्या येऊन नेते, रोख."
"नाय परवडत."
"राहू दे मग."
"बाराशे द्या."
"ना तुमचं ना माझं. अकराशे."
एक अंगठा आला.
पिवळा, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला.

खारेगावहून स्कूटर काढली. दिघ्याला सिग्नल, ऐरोलीला खोदकाम.
घणसोली गावात तीन मजली घर,
खाली जिम, वर भाडेकरू,
आणि मोटारसायकली लावतात तिथे भिंतीत
अजून दोन लोखंडी कड्या.
कशाच्या, ते विचारावं लागलं नाही.

पोरगा बाविशीचा. नोटा दोनदा मोजल्या.
वाजते हे दाखवायला घंटा हलवली:
खट. बोल्टचा आवाज, दुसरं काय.
मागे प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा,
अनवाणी. तो अंगठा मी ओळखला.
त्यानं मान वळवली नाही.
"सर्जाची," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, "डावा."

मी म्हशीचं काहीतरी बोलले होते,
ते वाचून दाखवलं असेल का त्याला?

अण्णा सांगायचे, सौदा झाला
की जनावराचं तोंड आधी फिरवायचं,
मालक दिसू द्यायचा नाही.
मी घंटेत रुमाल कोंबला, डिकीत टाकली.
शंभरची एखादी नोट जास्त द्यावी असं वाटलं,
आणि दिली नाही.
दिली असती तर तो सौदा राहिला नसता,
काय झालं असतं ते मला माहीत नाही.

घरी येऊन रुमाल काढला नाही अजून.

रात्री पावणेबारा:
"ताई, जोडीची आहे. उजवीची. जीभ ओरिजिनल.
तीन हजार, फिक्स."

वर्तमानपत्र तेच, काडेपेटी तीच.
या फोटोत अंगठा नाही.
मी अजून आकडा लिहिलेला नाही.