शब्द झेलणारी

सत्तावीस वर्षं मी लोकांचे शब्द झेलते आहे
लुइझियानातल्या या दमट कोर्टात,
न्यायाधीशांच्या खुर्चीखाली, तिपाईवर बसवलेल्या
बावीस कळांच्या यंत्रापाशी.
एकेक अक्षर टिपायचं नसतं.
पेटीवर चार सूर धरावेत तशी बोटं एकदम पडतात,
एक दाब, एक उच्चार.
पट्टीवर जे उमटतं
ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही भुताचं लेखन वाटतं.

माझ्याआधी इथे मिस्टर लेझ्यून बसायचे.
सात पेन्सिली, टोकं काढून, ओळीने.
जाड रेघ, बारीक रेघ, रेघेच्या डोक्यावर ठिपका,
बस, माणसाची जन्मठेप तेवढ्यात मावायची.
ते गेल्यावर गॅरेजात वह्यांची अठ्ठेचाळीस खोकी निघाली.
शॉर्टहँड शिकलेल्यांनाही ती लागेनात.
हाताला वळण असतं,
ते हाताबरोबर गेलं.

शेजारच्या दालनातला रूफँ मास्क लावतो.
रबरी मुखवट्यात तोंड खुपसून
जो जे बोलेल ते पुन्हा बोलतो, हलक्या, कोरड्या आवाजात.
वकील ओरडला तरी कोरडं, आई रडली तरी कोरडं.
"मी त्याला पाण्यात ढकललं"
हे त्या सालस माणसाने
स्वतःच्या तोंडाने किती वेळा म्हटलं असेल!
घरी बायको विचारते, दिवस कसा गेला?
तर म्हणे तो आधी "प्रश्न" म्हणतो,
मग "उत्तर" म्हणतो,
आणि गप्प बसतो.

आता छतात चार माइक आलेत.
त्यांना पाठदुखी नाही, पेन्शन नाही.
खोकला, खुर्ची, बाहेरचा बर्फाचा ट्रक,
सगळं सारख्याच मायेने ऐकतात.
फक्त "काय म्हणालात?" एवढं विचारत नाहीत.

गेल्या मंगळवारी कोळंबीच्या बोटीचा खटला होता.
रूफँ, मी आणि छत, तिघांची परीक्षाच लावली होती कारकुनाने.
साक्षीला बुडालेल्या खलाशाची बायको, दोआन हान.
वकिलाने विचारलं,
वादळाचा इशारा तुम्ही ऐकला होता,
मग नवऱ्याला सांगितला होता का?

तिने कठड्यावर हात ठेवला.
श्वास आत घेतला, तो बाहेर आलाच नाही.
न्यायाधीश म्हणाले, बाई, तोंडाने उत्तर द्या,
मान हललेली कागदावर उतरत नाही.
पण मानही हलली नव्हती.
दुभाषी बुटांकडे बघत होता.
तिने ब्र काढला नाही.

छताने लिहिलं: अस्पष्ट, अकरा सेकंद.
रूफँच्या टेपवर फक्त त्याचा स्वतःचा श्वास,
तोही अडकलेला.
मी नियमाप्रमाणे: साक्षीदार उत्तर देत नाही.
ते खोटं नव्हतं.
बोटं मात्र बराच वेळ कळांच्या वर तरंगत राहिली.

रात्री लेझ्यूनसाहेबांची एक वही काढली,
आठवण म्हणून ठेवलेली.
प्रश्नाच्या रेघा, आणि उत्तराच्या जागी
एक लहानसं वर्तुळ,
पेन्सिल दोनतीनदा फिरवलेली.
इतकी वर्षं मी त्याला डाग समजत होते.
पुस्तकात अशी खूण नाही, मी पुन्हा पाहिलं.

कुणाला विचारणार आता?
पान एकसष्ट
मी होतं तसंच कारकुनाकडे पाठवलं.